दूध कोणी आटवलं?

१

माझ्या सुनेचं दूध चोरीला गेलं आणि चोर म्हणून घरात माझं नाव पुढे आलं.

आता तुम्ही म्हणाल, अंगावरचं दूध कसं चोरीला जाईल? मीही तेच म्हटलं. पण ऐकतंय कोण! दवाखान्यात गुंडीला काट्यावर ठेवलं, तर काटा मागच्या वेळी होता तिथेच. गुंडी म्हणजे माझी नात. गोल चेहरा, बारीक डोळे, सदऱ्याची गुंडी असावी तशी, म्हणून मीच ठेवलेलं नाव. बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला उलटसुलट करून तपासलं आणि म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे. फक्त उपाशी आहे. सध्या वरचं दूध जोडीला द्या, आणि आईचं का कमी झालं ते शोधा."

घरी आल्यावर सून पंप लावून बसली. ते यंत्र घरघर करत राहिलं आणि बाटलीचा तळ कसाबसा ओला झाला. आणि ही तीच बाई बरं का, जिच्या बाटल्यांनी आमचा फ्रीजर इतका भरला होता की मला मटार ठेवायला जागा उरली नव्हती!

मग माझ्या चिरंजिवांनी घराची झडती घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर त्याला तो डबा सापडला. झाडपाल्याची पावडर. डब्यावर हसणारी आई, हसणारं बाळ, आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’. मीच एका प्रदर्शनातून आणली होती, सुनेला भरपूर दूध यावं म्हणून. सुनेने तेव्हाच मान हलवली होती. "आई, यात काय काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. मी नाही घेणार." मी डबा फळीवर ठेवून दिला होता.

आणि आता तो डबा निम्मा रिकामा होता.

"आई," मुलगा म्हणाला, "तू हे तिला न सांगता दुधात मिसळून देत होतीस का?"

मी गप्प. मूग गिळून बसावं तशी. का गप्प बसले ते कळेलच पुढे, पण तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या परीने लावला.  सुनेने गुंडीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. ते मला जास्त लागलं.

"काही दिवस मावशीकडे जाऊन राहा," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. "रविवारी सोडतो तुला."

मला बहिणीकडे जायला काय झालं? काहीच नाही. पण गुंडी! सून कामावर गेली की दिवसभर ती माझ्याकडे. तिची आंघोळ, तिची झोप, तिची कुरकुर, सगळं माझ्या अंगवळणी पडलेलं. एकदा का ‘आजीने काहीतरी खायला घातलं’ हा शिक्का बसला, की परत आले तरी हे बाळ माझ्या हातात कोणी निर्धास्तपणे देणार नव्हतं. हे मला लख्ख दिसत होतं.

"मी मम्मीला बोलावते," सून म्हणाली.

 तिची मम्मी म्हणजे माझी विहीण. मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागाची प्रमुख म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. पर्समध्ये भिंग घेऊन फिरते आणि बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय बिस्कीट तोंडात घालत नाही. आमचं दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण फारसं जमलंही नव्हतं. मनातल्या मनात मी तिला ‘भिंगवाली’ म्हणत असे. आता ही येणार आणि माझ्या अब्रूची लक्तरं टांगणार.

ती आली, हात स्वच्छ धुतले, गुंडीला निरखलं, डबा उघडून हुंगला. मग कोपऱ्यात मी भरून ठेवलेल्या बॅगेकडे बघत म्हणाली, "ही कोणाची बॅग? छडा लागेपर्यंत कोणी कुठेही जायचं नाही. विहीणबाई, या बसा. आधी तुमची जबानी."

२

जबानी म्हणे! माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलाशी, मी आरोपीच्या खुर्चीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण बॅगेबद्दल ती जे बोलली त्यामुळे थोडी निवलेही होते.

"गुंडी दिवसा पेंगते का? पिता पिता झोपते? हाक मारली तर मंद वाटते?"

"पेंगते? अहो, घर डोक्यावर घेते! भूक लागली की शेजारचे दार वाजवतात."

"बरं झालं," ती म्हणाली. "सर्दीखोकल्याच्या काही औषधांनी आईला गुंगी येते आणि दुधातून बाळालाही. काही खोकल्याच्या औषधांत तर बाळाचा श्वास मंदावेल असं द्रव्य असतं. ते इथे दिसत नाही. म्हणजे बाळाला काही झालेलं नाही, दुधालाच झालंय. दूध कधीपासून कमी झालं?"

"घरात सर्दी शिरली तेव्हापासून. आधी चिरंजीव शिंकायला लागले, मग आमचे हे, मग सूनबाई. आम्ही बरे झालो, तिचं नाक अजून चोंदलेलंच आहे."

"तिने सर्दीवर काय घेतलं?"

"काही म्हणजे काही नाही! मी वाफ घे म्हटलं, तर तेवढी घेतली. गोळी म्हणाल तर शिवलीसुद्धा नाही. ‘दूध पाजतेय, औषध घेणार नाही,’ एकच हेका. ताप आला तरी नाही."

"वेडीच आहे. तापावरची साधी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून चालते पाजणाऱ्या आईला. मिठाच्या पाण्याचा नाकातला फवारा चालतो. सगळंच घ्यायचं नाही हाही अडाणीपणाच." आपल्याच लेकीला नावं ठेवताना ती अजिबात अडखळली नाही. तिथे मला ती पहिल्यांदा जरा आवडली. "रोज सारखंच कमी असतं दूध?"

मी विचार केला. "नाही हो. रविवारी जरा बरं वाटतं. रविवारी संध्याकाळी गुंडी पोटभर पिऊन चक्क हसते. मग आठवडाभर पुन्हा रडारड."

"हं. आणखी काही? सून घरी आल्यावर काय करते?"

आता मला खरोखरच तोंड फुटलं, कारण ही तक्रार बरेच दिवस साठली होती. "काय करणार! पूर्वी आली की चपला काढायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची आणि गुंडीला घ्यायची. हल्ली आली की थेट बाथरूममध्ये पळते. लेकरू हात पसरून रडतंय, तर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. बाहेर आल्यावर पाणी दिलं तर ‘नको, तुडुंब झालंय’ म्हणते. आणि तोंडाला पुदिन्याचा वास. कामावर बसून गोळ्या चघळते की काय, देव जाणे."

विहीणबाईंनी डोळे बारीक केले. मग खुर्ची सरकवून त्या उठल्या, माझ्या अगदी जवळ आल्या आणि, काय सांगू तुम्हाला, माझ्या खांद्याशी नाक नेऊन मला हुंगलं!

"अहो, हे काय चाललंय?" मी किंचाळलेच.

त्या तशाच बाहेर गेल्या. बाहेरच्या खोलीत लेकीच्या मानेशी हुंगलं, गुंडीची टाळू हुंगली, आमच्या यांना आणि जावयालाही सोडलं नाही. तो बिचारा भिंतीला चिकटून उभा. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डब्यातली पावडर माझ्या मुलीच्या पोटात गेलेलीच नाही. कोणाच्या पोटात गेली, ते मला कळलंय."

३

"या पावडरीत मेथी आहे, आणि चांगली सणसणीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "रोज खाल्ली की माणसाच्या घामाला करपलेल्या साखरेसारखा गोड वास मारतो. आई खात असली तर बाळाच्या अंगालाही कधी कधी येतो. माझ्या मुलीला तो वास नाही, गुंडीला नाही, व्याह्यांना नाही, जावईबापूंना नाही. या घरात तो एकाच माणसाला येतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

झालं! आता लपवण्यात काय अर्थ होता? "हो, मीच खाल्ली," मी म्हणाले. "चांगली पैसे मोजून आणलेली वस्तू, हिने घेतली नाही, मग टाकून द्यायची? प्रदर्शनातल्या बाईने सांगितलं होतं, गुडघ्यांनाही चांगली म्हणून. रोज दोन चमचे खात होते. या वयात दूध वाढवायची पावडर खाते म्हणून सांगायची लाज वाटली मला!"

 मग सून जी हसायला लागली! नाक चोंदलेलं, त्यामुळे हसता हसता तिला ठसका लागला. माझे ‘हे’ तर डोळे पुसत खुर्चीवरून घसरायच्या बेतात. त्यांना हसताना बघून माझी मात्र चिडचिड झाली.

"हसू नका," विहीणबाई सगळ्यांना दटावत माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मधुमेहाची गोळी घेता ना? मेथी साखर खाली आणते, गोळीही आणते. दोन्ही मिळून एखाद्या दिवशी तुम्ही गुंडीला कडेवर घेऊन चक्कर येऊन पडला असतात. आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं डब्यावर लिहिता येतं, शरीर ते वाचत नाही."

मी खाली मान घातली. पण चोरीच्या आरोपातून तर सुटले! तेवढ्यात विहीणबाईंचा हात औषधांच्या खणात गेला आणि बाहेर आला तो एक गोळ्यांची पट्टी घेऊन. भिंग डोळ्याला लागलं. बाईंचा चेहरा बदलला.

"ही कोणी आणली?"

"मी," मुलगा म्हणाला. "सर्दी सुरू झाली तेव्हा. तिच्यासाठीच आणली होती, पण तिने नाही म्हटलं."

"नाक मोकळं करायची गोळी आहे ही. ही रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे नाक उघडतं. आणि पाजणाऱ्या आईने घेतली तर दूध आटतं. एका गोळीनेसुद्धा फरक पडू शकतो." त्यांनी पट्टी उंच धरली. "आणि यातल्या गोळ्या गेल्यात."

मुलगा पांढराफटक पडला. सून उठून उभी राहिली. "मम्मी, मी घेतलेल्या नाहीत. गुंडीची शपथ! घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे काहीतरी घेऊन आलं आणि मी प्रत्येकाला नाही म्हटलं. दिवसभर डोकं ठणकतं, वास येत नाही, तरी काही घेतलं नाही. आणि तरीही दूध जातंय. माझंच काहीतरी चुकतंय, पण काय ते तरी सांगा!"

ती रडायला लागली. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. पोरीने किती सोसलं होतं आणि मी तिच्या बाथरूमला जाण्याची तक्रार करत होते!

विहीणबाईंनी मात्र लेकीकडे बघितलंच नाही. त्या माझ्या नवऱ्याकडे बघत होत्या. यांचं हसू कधीच ओसरलं होतं, आणि वर्तमानपत्र यांनी चेहऱ्यासमोर धरलं होतं. उलटं.

"व्याही," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं ब्लडप्रेशर हल्ली कसं आहे?"

 वर्तमानपत्राच्या मागून अगदी बारीक आवाज आला, "वाढलंय म्हणे जरा. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं."

"मला सापडलं!" विहीणबाई गरजल्या. "रक्तदाबाच्या माणसाने ही गोळी घ्यायची? कोणाला न विचारता?"

"नाक वाहत होतं हो," हे पुटपुटले. "खणात दिसली, घेतली. ही ओरडेल म्हणून बोललो नाही."

ही म्हणजे मी. आणि ओरडलेच मी, सोडते की काय!

विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "काय घर आहे! ज्याने जे घ्यायला नको, त्याने ते घेतलंय. आणि जिचं दूध आटलं, तिने मात्र काहीच घेतलेलं नाही." थोडा वेळ त्या बोटांनी टेबलावर ताल धरून बसल्या. मग एकदम ताल थांबला.

"विहीणबाई, ती पूर्वी घरी आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायची, असं म्हणालात ना? आणि आता?"

"आता थेट बाथरूम."

"उद्या दुपारी गुंडीला घेऊन आपण दोघी तिच्या कारखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "तिला आधी कळवायचं नाही."

४

सून चहाच्या कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे चहाची चव बघून भाव ठरवायचा, कुठला चहा कशात मिसळायचा ते सांगायचं. असल्या कामाला पगार देतात यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

गुंडीला पाजायला आणलंय असं सांगितल्यावर दारावर कोणी अडवलं नाही. चव बघायची खोली लांबलचक, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, आणि पांढऱ्याशुभ्र कपांची रांगच्या रांग. प्रत्येक कपासमोर पानांची छोटी वाटी. टेस्टर लोक रांगेने पुढे सरकत होते. चमचाभर चहा सुर्रर्र करून ओढायचा, गालात घोळवायचा, आणि शेजारी सरकणाऱ्या उंच थुंकदाणीत पचकन थुंकायचा. माझ्या मुलाने लहानपणी असा आवाज केला असता तर पाठीत धपाटा बसला असता.

सून आम्हाला बघून दचकली. "मम्मी? आई? काय झालं?"

"काही नाही. लेक आली तुझी भेटायला," विहीणबाई म्हणाल्या आणि सहज फिरायला निघाल्यासारख्या टेबलाभोवती हिंडल्या. तेवढ्यात तिचे साहेब आले. उंच, किडकिडीत, पण आदबशीर माणूस. त्यांनी अभिमानाने माहिती दिली. थंडीसाठी नवीन प्रकार बाजारात येणार होता, चहाची पत्तीच नसलेला, नुसत्या औषधी पानांचा. त्याची सगळी जबाबदारी आमच्या सूनबाईंवर.

"कोणती पानं?" विहीणबाईंनी विचारलं.

"मुख्य म्हणजे पुदिना, कडक. आणि सेज. करडी, लवदार पानं असतात. घशाला फार छान. पूर्ण नैसर्गिक बरं का!"

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला काही कळलं नाही, पण मी कळल्यासारखी मान हलवली.

"मला दाखव ना, कशी चव घेतेस ते," त्या लेकीला म्हणाल्या.

"आत्ता? इथे?"

"हो. अगदी रोज घेतेस तशी."

सुनेने चमचा भरला. सुर्रर्र केलं. गालात घोळवलं. आणि आम्ही दोघी थुंकदाणीकडे बघत राहिलो.

ती थुंकलीच नाही. तिने गिळलं. दुसऱ्या कपातलं गिळलं, तिसऱ्यातलंही गिळलं, आणि डोळे मिटून श्वास सोडला. शेजारच्या टेस्टरची थुंकदाणी तपकिरी पाण्याने भरलेली होती. हिच्या थुंकदाणीला साधा ओलावा नव्हता.

"सूनबाई," माझ्या तोंडून निघून गेलं, "थुंकायचं असतं ना गं?"

तिचा चेहरा लालेलाल झाला. तिने साहेबांकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिचे डोळे भरून आले.

५

"नाक बंद आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "टेस्टरला नाकच नसेल तर जिभेला नुसतं कडू-गोड कळतं, बाकी सगळं पाणी. पण घोट गिळला की वास घशातून मागच्या बाजूने नाकात चढतो. थोडासा का होईना, कळतो. म्हणून मी गिळते. सर्दी झाल्यापासून दिवसभर. साहेबांना सांगितलं असतं तर हे काम दुसऱ्याला गेलं असतं. बाळंतपणाच्या रजेवरून आले आणि पहिलंच मोठं काम माझ्या हातात आलं होतं, मम्मी!"

"आणि हे पोटात जातंय ते काय आहे, असं वाटलं नाही तुला?"

"ती नुसती पानं आहेत. औषध कुठे आहे?"

विहीणबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "बाळाचं दूध तोडायचं असेल तेव्हा कित्येक ठिकाणी बायका काय पितात, माहीत आहे? सेजच्या पानांचं पाणी. आणि कडक पुदिना त्याच्याच पंगतीतला. एखादा कप कोणी प्यायलं तर काही बिघडत नाही. पण तू दिवसभर, आठवडाभर, तेही कडक करून पितेस. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी दूध जरा सावरतं. तू थुंकत होतीस तोवर घरी तहानेली यायचीस, गिळायला लागलीस आणि तुडुंब भरून यायला लागलीस. तोंडाला पुदिन्याचा वास येत होता तो त्याचा. तुझ्या सासूबाईंनी हे सगळं मला सांगितलं, फक्त तक्रार म्हणून सांगितलं."

साहेब गोंधळून उभे होते. "पण बाई, याला पुरावा?"

"पक्के प्रयोग फार झालेले नाहीत," विहीणबाई सरळ म्हणाल्या, "म्हणून मीही छातीठोकपणे सांगणार नाही. दगदग आणि सर्दीनेही थोडं कमी होतं. पण पडताळून बघणं सोपं आहे. ही पानं पोटात जायची थांबली, बाळाला वरचेवर पाजलं, आणि दूध परत आलं, तर चोर सापडला."

 साहेब काय बोलतात याकडे सगळ्यांचे कान लागले होते. सुनेने गुंडीला छातीशी घट्ट धरलं होतं, आणि मी मनात म्हणत होते, या माणसाने आता पोरीला दुखावलं ना, तर मी याला याच थुंकदाणीत बसवीन.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले. "नाक बंद झालं म्हणून मी टेस्टर बदलत नाही, त्याला बरं व्हायला वेळ देतो. पण एक सांगा, नाक बंद असताना तुम्ही जी निवड केलीत ती मी स्वतः तपासली. एकही चुकलेली नाही. ती कशी केलीत, हे मला आता कळलं."

सुनेने डोळे पुसले आणि एकदम ताठ उभी राहिली. मग ती जे बोलली ते ऐकून माझा ऊर भरून आला. "मग साहेब, खोक्यावर एक ओळ घालायची. पाजणाऱ्या आयांनी हे रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ठळक अक्षरांत."

"खप कमी होईल."

"होऊ दे. मी टेस्टर असून मला कळलं नाही. दुकानातल्या बाईला कसं कळणार?"

साहेबांनी बरीच खळखळ केली. जाहिरातवाले काय म्हणतील, मालक काय म्हणतील. विहीणबाईंनी पर्समधून भिंग काढून पुसायला घेतलं आणि मी साहेबांकडे रोखून बघत राहिले. आम्ही दोघी मिळून काय दिसत असू कोण जाणे, पण ते म्हणाले, "घालू. ठळकच घालू."

परतताना विहीणबाईंनी गाडीत माझा हात धरला. "तुम्ही एवढं बारीक लक्ष ठेवलं नसतं तर मी काय करणार होते?"

"मी तर नुसती कुरकुर केली," मी म्हणाले.

"मग करत राहा," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने हसलो. तेव्हापासून मनातसुद्धा त्यांना भिंगवाली म्हणणं मी सोडून दिलं.

६

मुलाने त्याच संध्याकाळी माझी बॅग स्वतःच्या हाताने रिकामी केली. साड्या कपाटात नीट ठेवता येईनात, सगळा बोळा करून कोंबला. "आई, मी चुकलो," एवढंच म्हणाला आणि माझ्या शेजारी बसून राहिला. मी त्याला चांगलं सुनावायचं ठरवलं होतं, पण त्या बोळ्याच्या घड्या घालण्यातच ते राहून गेलं.

सुनेने आजारपणाची रजा घेतली. डॉक्टरांना विचारून जे चालतं ते औषध घेतलं, नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा मारला, आणि गुंडीला मागेल तेव्हा पाजत राहिली. मधल्या वेळात पंप. पहिले काही दिवस फरक दिसेना. सून हिरमुसली, मी देवाला कोपऱ्यात घेऊन खडसावलं. मग एका सकाळी पंपाची घरघर चालू असताना आतून तिची हाक आली, "आई! आई, लवकर या!"

मी हातातला झाडू टाकून धावले. बाटली अर्धी भरली होती आणि धार चालूच होती. सून हसत होती, रडत होती, आणि गुंडी आपल्याला सोडून त्या बाटलीचे लाड का चाललेत म्हणून भोकाड पसरत होती. नाक उघडल्यावर सून कामावर परतली. सगळं चाखते, आणि सगळं थुंकते. संध्याकाळी येते ती तहानेने कासावीस होऊन, आणि मी पाणी घेऊन दारातच उभी असते.

मग आला पुन्हा दवाखान्याचा दिवस. यावेळी सगळी वरात गेली. मुलगा, सून, विहीणबाई, मी, आणि रक्तदाब खाली आलेले आमचे हे. डॉक्टरीणबाईंनी गुंडीला काट्यावर ठेवलं. काटा पुढे गेला, थरथरला, आणखी पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून दोनदा बघितलं.

"शाब्बास!" त्या म्हणाल्या. "हिने तर मागची सगळी कसर भरून काढली. आता वरच्या दुधाची गरज नाही. चोर सापडला की काय?"

"सापडला," सून म्हणाली. "मीच."

"छान. आता तुम्ही दिवसभर कामावर असता तेव्हा बाळ कोणाकडे असतं? त्यांना काही गोष्टी समजावून सांगायच्या आहेत मला."

पाळणाघराची चौकशी मागे मुलाने करून ठेवली होती, मला माहीत होतं. मी हात पदराला पुसत मागे सरकले. विहीणबाईंनी मला कोपराने ढोसलं, पण मी हलले नाही.

सुनेने गुंडीला काट्यावरून उचललं, कपड्यात गुंडाळलं, सगळ्यांना ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि गुंडीला माझ्या हातात ठेवलं.

"माझ्या सासूबाईंकडे असतं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "सगळं यांनाच सांगा. यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

गुंडीने माझी नथ ओढली. मी पुढे झाले.